दुरुस्ती मालकाची, मुक्काम आपला: जुन्या नाशकातल्या वाड्याचा अनुभव

घरमालक दुरुस्ती काढतोय म्हटल्यावर आधी एकच गोष्ट स्पष्ट करून घ्यायची: घर रिकामं करायचंय की राहत्या घरात काम होणार आहे? आमच्या वाड्यात मालकांकडून निरोप आला तेव्हा दोन्ही एकत्र कालवलेलं होतं. संडास-मोरी फोडून नवी करायची, मागच्या खोलीचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, काढून स्लॅब टाकायचा, आणि 'तोवर काका-काकू, तुम्ही मुलाकडे जाऊन या.' आम्ही दोघंही सत्तरीच्या पुढचे. ऐकायला हे काळजीचं वाटतं. पण जुन्या भाडेकरूचं घर दुरुस्तीच्या निमित्ताने बंद झालं की ते पुन्हा उघडायला फार जड जातं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर चांगल्या स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मालक ऐकत नसेल तर लेखी नोटीस देऊन १५ दिवस थांबायचं, मग भाडेकरू स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. महिना दीडशे रुपये भाडं असेल तर वर्षाचे १,८०० आणि वळते होणार ४५०. तेवढ्यात मोरीच्या फरश्याही येत नाहीत. म्हणून हे कलम मालकाला पत्र लिहिताना उपयोगाचं, गवंड्याला पैसे देताना नाही.

रागाच्या भरात भाडं थांबवू नका. कामाचा त्रास हे भाडं न देण्याचं कारण होत नाही. थकबाकीची लेखी नोटीस आली की ९० दिवसांनी दावा लागू शकतो. रोख घेत नसतील तर चेक पोचपावतीसह टपालाने पाठवायचा आणि पाकिटाची झेरॉक्स ठेवायची. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे.

आता बाहेर जाण्याबद्दल. खरी मेख इथेच आहे. कलम १६ मध्ये घर खाली करून घेण्याची कारणं दिली आहेत. त्यात एक कारण असं, की योग्य कारणाशिवाय घर सलग सहा महिने वापरात नव्हतं. दुरुस्तीसाठी मुलाकडे गेलात, काम रेंगाळलं, आणि आपण दुरुस्तीमुळे बाहेर होतो याचा कागदच नसेल, तर तेच कारण आपल्यावर उलटू शकतं. जावंच लागलं तर जाण्याआधी मालकाची सही घ्यायची. कागदावर लिहायचं: 'दुरुस्तीसाठी तात्पुरते स्थलांतर, भाडेकरूपण कायम, याच खोल्या, हेच भाडे', आणि परत येण्याची तारीख. खोल्यांची लांबी-रुंदी टेपने मोजून त्यातच लिहावी. 'खाली ताबा दिला' किंवा 'ताबा पावती' असले शब्द दिसले तर सही करायची नाही. भाडं चालू ठेवायचं, एका खोलीत आपलं सामान आणि आपलं कुलूप.

घर खाली केल्याशिवाय दुरुस्ती अशक्यच आहे असं मालकाचं म्हणणं असेल, तर त्यांनी कोर्टात जावं. तसा हुकूम झाला तर परत येण्याचा पर्याय भाडेकरूने तिथेच सांगायचा असतो. कलम १७ प्रमाणे तो हुकुमात नोंदवला जातो. काम संपण्याच्या दोन महिने आधी मालकाने नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण होकार कळवून एक महिन्याचं भाडं जमा करायचं. हे पंधरा दिवस हुकता कामा नयेत. पत्ता बदलला असेल तर नवा पत्ता मालकाला लेखी कळवून ठेवा. (अकरा महिन्यांच्या लिव्ह-लायसन्सवाल्यांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांनी आपला करार वाचावा.)

पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक वाड्यांची नोटीस येते, ती मात्र वेगळी. घाबरून सामान बांधायच्या आधी विभागीय कार्यालयात जाऊन वर्ग विचारा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करायची इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. वर्ग सी-२बी असताना 'पालिकेने खाली करायला सांगितलंय' असं कुणी म्हणालं तर कागद मागायचा. सी-१ असेल तर वाद घालत बसू नका, बाहेर पडा. मातीचं माळवद पाणी प्यालं की दुप्पट जड वाटतं आणि छताच्या लाकडी कड्यांची भिंतीत गेलेली टोकं आतून कुजलेली असतात. वरून लाकूड धडधाकट दिसतं, पण टोकाशी पेचकस दाबला की लोण्यासारखा आत जातो. निघताना एवढंच बघायचं, की आपलं नाव आणि खोल्यांचं क्षेत्रफळ पालिकेच्या कागदावर चढलंय.

राहत्या घरात काम ठरलं तर कामाचा क्रम लिहून घ्या. 'आठ दिवसांत करून देतो' याला काही अर्थ नसतो. संडास एकच असेल तर हिशोब असा: फोडणं आणि राडारोडा काढणं, पाइप, वॉटरप्रूफिंग, विटांचा कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), मग पाणी भरून चाचणी, फरशी, ग्राउट (फरशांच्या फटी भरणं). चाचणी म्हणजे जाळी बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून निदान २४ तास, जमल्यास ४८ तास ठेवायचं. खाली छताला ओल आली की आत्ताच कळतं. कंत्राटदार घाईत नेमकी हीच चाचणी गाळतो, आणि पुढच्या पावसात परत फोडाफोड. फरशी लावल्यावर दिवसभर पाय ठेवायचा नाही. सगळं धरून आठवडा ते दहा दिवस संडास मिळत नाही. म्हणून फोडायच्या आधी शेजारच्या बिऱ्हाडाचा संडास ठरवून ठेवा. रात्रीसाठी बादलीवाली कमोड खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात भाड्याने मिळते. मिळेल तर ती घेऊनच ठेवा. रात्री अंधारात, वाळूच्या ढिगाशेजारून चौक ओलांडायचा म्हणजे पडण्याला आमंत्रण.

मोरी उघडी आहे तोवर चार गोष्टी सांगून घ्याव्यात. नंतर त्यांच्यासाठी पुन्हा फोडावं लागतं. पकडदांडी जिथे बसणार तिथे भिंत भरीव करून घ्यायची, पोकळ प्लास्टरमध्ये स्क्रू धरत नाही. दांडी मुठीत येईल अशी, साधारण दीड इंची. फरशी मॅट, चकचकीत नको. उतार नहाणीच्या जाळीकडे, दाराकडे नाही. फरशी बसल्यावर तांब्याभर पाणी ओतून बघायचं. उंबरा जितका ठेंगणा तितका बरा. भारतीय संडासाचा कमोड करायचा तर मालकाची लेखी संमती घ्या. परवानगीशिवाय कायमचं बांधकाम हेही कलम १६ मधलं एक कारण आहे.

स्लॅबचं काम असेल तर मे संपायच्या आत आटपेल असंच सुरू करा. साध्या छोट्या गाळ्याच्या (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबखालचे टेकू निदान सात दिवस ठेवायचे, साडेचार मीटरपेक्षा लांब गाळा असेल तर चौदा. पाणी मारणंही निदान सात दिवस. टेकू खोलीच्या मधोमध येतात, म्हणून त्या खोलीतला पलंग आधी बाहेर. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत ट्रक आत येत नाही, वाळू-सिमेंट घमेल्यांनी येतं, त्यामुळे चौकातला ढीग रोज उचलण्याची अटही लिहून घ्या.

धूळ हा सगळ्यात मोठा छळ. दाराला जाड प्लास्टिकची शीट, खालून ओल्या गोणपाटाने दाबलेली. फरशी कापायची ती पाणी सोडून, तीही चौकात. झाडू अजिबात नाही, फक्त ओलं पोछं. दम्याचा त्रास असेल तर ब्रेकर (फोडायचं मशीन) चालतो तेवढे तास तरी बाहेर. इन्सुलिन ठेवलेल्या फ्रिजची लाइन कुणी 'जरा वेळ' काढणार असेल तर आधी सांगायला लावा.

वीज-पाणी मुद्दाम तोडलं तर तो कलम २९ चा भंग आहे. ती सेवा परत चालू करून घ्यायला कोर्टात अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज घरातल्या बाईच्या नावाने केलेला सोयीचा. आधी नुसता सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

काम झाल्यावर, मालकाने मिस्त्रीचे शेवटचे पैसे द्यायच्या आधी, मालकाला आणि मिस्त्रीला एकदा आत बोलवायचं. नळ सोडून, फ्लश ओढून, दांडीला लोंबकळून बघायचं, फोटो काढायचे. आणि पुढच्या महिन्याची भाडेपावती आधीच्याच नावाने, आधीच्याच रकमेची आली का ते चष्मा लावून वाचायचं.