तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पौंडांचा हिशोब

‘तुम्ही तिकडे राबून कर भरलात आणि ते सरकार बोटीतून आलेल्यांना हॉटेलात ठेवून फुकट पोसतं. राग नाही येत?’ इंग्लंडमधल्या स्विंडनहून गोव्यात डिचोलीला परतल्यापासून हा प्रश्न मला बाजारात, लग्नात, बँकेच्या रांगेत, सगळीकडे ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांपैकी कित्येकांची मुलं आज तिथे गोदामांत रात्रपाळ्या करतात, त्यामुळे प्रश्न पोटतिडकीचा असतो.

राग येतो. पण कशाचा, ते नीट सांगायला हवं.

बोटीतून येऊन, मायदेशात जिवाला धोका आहे म्हणून आश्रय मागितला आहे पण अर्जाचा निकाल लागलेला नाही, अशा माणसाला ब्रिटनमध्ये नेहमीचा बेकारभत्ता किंवा कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, घर मिळत नाही. त्याच्यासाठी १९९९च्या कायद्याने वेगळी सोय केली आहे. जवळ काहीच नसेल तर राहायला जागा आणि आठवड्याला ४९.१८ पौंड. जिथे जेवण मिळतं तिथे फक्त ९.९५ पौंड. आपण इथे बसून लगेच रुपये करतो, आठवड्याचे पाच हजारांवर जातात आणि डोळे विस्फारतात. पण त्याला खर्चही पौंडांतच करायचा असतो. इंग्लंडमध्ये बसचं एका वेळचं तिकीट आज ३ पौंडांपर्यंत जातं. वकिलाकडे एकदा जाऊन आला की ९.९५ मधले सहा संपले. उरलेल्यात साबण, फोनचं रिचार्ज आणि बाकीचा आठवडा.

मग अब्जावधी जातात कुठे? सरकारी खर्च तपासणाऱ्या तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने मे २०२५मध्ये दाखवून दिलं की २०१९ ते २०२९ या दहा वर्षांची राहण्याच्या सोयीची कंत्राटं ४.५ अब्ज पौंडांत होतील असा मूळ अंदाज होता, तो १५.३ अब्जांवर गेला. हॉटेलात एका माणसामागे रात्रीला सरासरी १४५ पौंड, साध्या घरात ठेवलं तर १४. हे पैसे कंत्राटदार आणि हॉटेलमालकांकडे जातात. आणि निकाल लांबेल तितक्या रात्री वाढत जातात.

मी शेवटी ज्या हॉटेलच्या किचनमध्ये होतो, ते सरकारने याच कामासाठी घेतलं. जेवण बाहेरून फॉइलच्या डब्यांतून यायचं, आम्ही गरम करून द्यायचो. कोरडं चिकन, कडेला चिकटलेला भात. निम्मं कचऱ्यात जायचं. सुदानचा एक तरुण रोज सकाळी किचनच्या दाराशी येऊन उभा राहायचा. डबे उचलतो, भांडी घासतो, पैसे नकोत म्हणायचा. मॅनेजर भला माणूस, पण त्याला नाही म्हणावंच लागे. काम करायची परवानगी नसलेला माणूस कामावर सापडला तर मालकाला जबर दंड होतो. आज तो पहिल्याच वेळी ४५ हजार पौंडांपर्यंत आहे. तो तरुण पुन्हा खोलीत जाऊन पलंगावर बसायचा. धडधाकट पोर, दिवसभर काही न करता. मला ते बघवत नसे.

२००२पर्यंत सहा महिन्यांनी कामाची परवानगी मागता यायची. ती सवलत काढली. आता बारा महिने थांबायचं, आणि नंतरही सरकारने ठरवलेल्या यादीतलीच कामं. युरोपियन युनियनच्या २०१३च्या नियमात थांबायची ही मर्यादा जास्तीत जास्त नऊ महिने होती. काम दिलं तर आणखी लोक येतील, असं तिथलं सरकार म्हणतं. मला ते पटत नाही. बंदी असतानाच २०२२मध्ये छोट्या बोटींतून ४५ हजारांवर माणसं आली.

कौन्सिलच्या घरासाठी वर्षानुवर्षं थांबलेला स्विंडनचा माणूस चिडतो, तेही मला समजतं. त्याला खोटं पाडायचं नाही. तो कर भरतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर हॉटेलला रात्रीचे १४५ पौंड जातात.

आणि आपलं गोवेकरांचं काय? माझे आजोबा पोर्तुगिजांच्या राज्यात डिचोलीत जन्मले, म्हणून मला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला. तेव्हा ब्रिटनही पोर्तुगालसारखं युरोपियन युनियनमध्ये होतं, म्हणून त्या पासपोर्टावर मी उतरल्याबरोबर कामाला लागलो. त्या पोरापेक्षा माझी लायकी जास्त होती असं नाही. इथे हणजूण-कळंगुटला हंगामात दुकानं मांडणारे तिबेटी बघा. आपल्या देशाने निर्वासितांना संरक्षण देणाऱ्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, तरी ही माणसं आपलं आपण कमावतात, आपल्या गिऱ्हाइकांशी हिंदीत घासाघीस करतात. गोवा सरकारवर त्यांच्या जेवणाचा बोजा कधी पडला, असं कोणी म्हणत नाही.

त्या सुदानी पोराला शेवटी आश्रय मिळाला. तेव्हाच्या नियमाने अठ्ठावीस दिवसांत खोली सोडायची होती. पगाराची स्लिप नाही, भाड्याची अनामत नाही, कोणी घर देईना. तो कौन्सिलच्या बेघरांच्या यादीत गेला, आणि त्याचा खर्च सरकारच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पडला. आल्या वर्षीच हाताला काम दिलं असतं, तर तोवर तो स्वतः भाडं भरत असता आणि माझ्यासारखा करही.