चेहरा उतरलेला मासा

दुपारची वेळ. टाकीतल्या गोल्डफिशकडे सहज नजर जाते आणि तिथेच अडकते. कालपर्यंत निखळ नारिंगी असलेल्या पोटाच्या कडेला काजळाचं बोट लागल्यासारखं काहीतरी दिसतंय. काचेवरचं शेवाळ असेल म्हणून आधी काच पुसून होते. मासा वळतो, तसा डागही वळतो. मग नाक काचेला लावून बघणं आलंच, आणि नंतर नाकाचा ठसा पुसणंही.

ही सवय भाषेनंच लावलेली आहे. माणूस पिवळा पडतो, काळवंडतो, पांढराफटक होतो. चेहरा उतरलेला दिसला की ‘बरं नाही का?’ हा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो. तोच कायदा माशाला लावला की घोटाळा होतो. माशाच्या कातडीतल्या काळ्या पेशींमध्ये रंगाचे बारीक कण असतात. ते पसरले की मासा गडद दिसतो, पेशीच्या मध्यात गोळा झाले की फिका. याला काही मिनिटं पुरतात, कधी कधी सेकंदही. पांढऱ्या वाळूवर ठेवलेला मासा फिकटतो, काळ्या वाळूवर तोच गडद होतो. नवी पांढरीशुभ्र वाळू हौसेनं घालायची आणि आठवड्याभरात ‘मासे फिके का पडले’ म्हणून औषध शोधायचं, हे फार चालतं. औषध वाळूलाच द्यावं लागेल.

काही माशांना तर रंग सोडायची खोडच असते. क्लाउन लोच आपसात वर्चस्वाची लढाई करताना राखाडी होतो, त्याचे काळे पट्टे पार विरून जातात आणि भांडण मिटलं की परत येतात. (वर तो कुशीवर पडून झोपतो आणि पाहणाऱ्याच्या काळजाचं पाणी करतो, ते वेगळंच.) फायटर माशाची मादी घाबरली की अंगावर आडव्या रेघा येतात; अंडी घालायला तयार झाली की उभ्या. रेघा त्याच अंगावरच्या, पण अर्थ अगदी उलटे. गप्पीच्या मादीच्या पोटामागचा काळा त्रिकोण तर पिल्लांचा, त्याला डाग म्हणणंही चूक.

आणि गोल्डफिश. त्याचं बालपण अगदीच बिनसोन्याचं असतं. पिल्लं शेवाळी-तपकिरी, कुठल्याही साध्या नदीतल्या माशासारखी. काही महिन्यांनी, कुणाला वर्षानं, तो काळपट रंग सुटायला लागतो आणि खालचा नारिंगी वर येतो. सुटता सुटता परांच्या टोकांना आणि पाठीवर काळी किनार मागे राहते. तिच्यावर भाळून घरी आणलेला काळा-नारिंगी मासा पुढे नुसताच नारिंगी होतो, आणि कधी कधी तिथेही न थांबता पांढरा. ब्लॅक मूर हा काळा गोल्डफिशसुद्धा म्हातारपणी तांबूस झाक धरतो. यात आजार कुठेच नाही. काळा रंग जाणं ही गोल्डफिशची वाढ आहे.

काळा रंग येणं ही मात्र जरा विचार करायची गोष्ट. नारिंगी अंगावर अचानक काळे ठिपके किंवा परांच्या कडांना काळी झालर आली, तर बहुतेकदा माशांच्या घाणीतून पाण्यात येणाऱ्या अमोनियानं कातडी भाजलेली असते आणि ती आता भरून येत असते. काळ्या पेशी जखमेच्या जागी जमा होतात. म्हणजे डाग दिसतो तो अपघात झाल्यावर, सावरताना. तो पाहून टाकीत औषध ओतणं म्हणजे जखमेवर खपली धरल्यावर धावत जाऊन ती काढणं. आधी पाणी तपासायचं. अमोनिया आणि त्यापासून जीवाणूंनी बनवलेलं नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. नसतील तर कारण सहसा आठवणीतच सापडतं: टाकी नवीन आहे, कुणीतरी प्रेमानं दुप्पट खाणं घातलंय, किंवा फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला गेलाय. नळातल्या क्लोरिननं स्पंजातले उपयोगी जीवाणू मरतात, आणि अमोनिया पचवणारं दुसरं फारसं कुणी टाकीत नसतं. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, बस. तो मळकट राहिला तरी चालतो, मळकटच बरा. पाणी पाव ते एक तृतीयांश बदलायचं, नव्या पाण्यातला क्लोरिन मारून आणि तापमान जुळवून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं. डाग दोन-तीन आठवड्यांत विरतो. नाही विरला तरी मासा जेवतोय का ते बघावं.

नायट्राइटची गंमत याहून वाईट. ते रक्तात गेलं की रक्त प्राणवायू धरेनासं होतं आणि तपकिरी पडतं. बाहेरून मासा जसाच्या तसा, रंग झकास, आणि पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतोय. कल्ल्याचं झाकण उचललं गेलं की आत लालभडकऐवजी चॉकलेटी दिसतं. माशात खरा रंग बघायचा तो इथे, आणि नेमका इथेच आपण बघत नाही. निदान कल्ल्यांच्या उघडझापीचे ठोके मोजावेत. घड्याळ लावून पंधरा सेकंद, गुणिले चार. मग त्याच टाकीतला, त्याच जातीचा, साधारण त्याच आकाराचा दुसरा मासा घेऊन त्याचेही मोजावेत. ‘मिनिटाला अमुक इतके’ असा सरसकट आकडा शोधत बसू नये. पाण्याच्या तापमानाबरोबर तो बदलतो. शेजारी शांत आणि हा धापा टाकतोय, तर रंग कितीही सुरेख असो.

संपूर्ण मासाच काळवंडून राहिला, दिवा असो-नसो, वाळू पांढरी असो-काळी, तर एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघावं. खाणं टाकल्यावर तो त्याकडे वळतो की धडकल्यावरच त्याला कळतं? आंधळ्या माशाला खालची जमीन उजळ आहे हेच कळत नाही, म्हणून तो गडदच राहतो. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे आणि १९७३ साली नोबेल मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश तरुणपणी याच प्रश्नामागे लागले होते. त्यांना दिसलं, की आंधळ्या मिनो माशाच्या कपाळावर उजेड पाडला तरी त्याचा रंग बदलतो. म्हणजे कपाळात, मेंदूपाशी, उजेड ओळखणारं काहीतरी आहे. रोज आपण ज्या कपाळासमोर काचेवर टकटक करतो, तेच हे कपाळ.

पांढऱ्या ठिपक्यांनी जितकी झोप उडते तितकी कशानंच उडत नाही, आणि त्यातही फसगत ठरलेली. नर गोल्डफिशला विणीच्या काळात कल्ल्याच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर पांढरे दाणे येतात. एकसारखे, ओळीनं, शिवणयंत्रावर घातल्यासारखे. ते मिरवायचे दाणे. आजाराचे ठिपके मिठाचे कण भुरभुरल्यासारखे, कुठेही, शेपटीवर, पाठीवर, डोळ्याशेजारी. आणि मासा दगडावर अंग घासतो, पर मिटून घेतो. त्याहून बारीक, सोनेरी धूळ असेल तर ती साध्या उजेडात दिसतच नाही. खोली अंधारी करून टॉर्च बाजूनं तिरपा मारावा लागतो. मग अंगावर हळदीची पूड उडाल्यासारखी चमक दिसते, आणि हा आजार मिठाच्या कणांपेक्षा लवकर मारतो.

मिठाच्या कणांसारख्या ठिपक्यांमागचा परजीवी मोठा हुशार. माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याला शिवत नाही. तो पिकून गळून पडतो, तळाशी कवच करतो, आत शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत बाहेर पडतात. औषध लागू पडतं ते फक्त या शोधाच्या वेळी. म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले की बाटली बंद करणारे दहाव्या दिवशी परत डोक्याला हात लावतात. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर औषध चालू ठेवावं. फिल्टरमधला कार्बन आधी काढावा, नाहीतर तोच सगळं औषध पिऊन बसतो. निळ्या औषधाची (मिथिलीन ब्लूची) हौस मला कधीच कळलेली नाही. ते फिल्टरच्या जीवाणूंवर उठतं, काचेच्या सांध्याचं सिलिकॉन निळं करतं आणि मासा बरा झाल्यावर वर्षभर त्याची आठवण करून देतं. द्यायचंच तर वीस लिटरच्या वेगळ्या टाकीत, एक स्पंज फिल्टर आणि लपायला एक उलटं मडकं ठेवून.

निऑन टेट्राची गोष्ट निराळी. सकाळी दिवा लावल्या लावल्या टाकीत बघितलं, तर निऑन पांढुरके दिसतात, निळी रेघ मळकी, लाल जवळजवळ नाहीच. रात्री ते रंग उतरवून ठेवतात. सकाळी पुन्हा चढवायला त्यांना थोडा वेळ लागतो. दिवा लावून चहा घेऊन यावं, तोवर निऑन पेटलेले असतात.

पण भर दुपारी, सगळे झगझगत असताना, एकाची रेघ मध्येच तुटलेली दिसते. तिथे कातडीवर काहीच नाही. पांढरट डाग आतल्या मांसात आहे. हा मासा थव्यापासून हातभर लांब राहतो, रात्रीही सगळे थांबले तरी फिरत राहतो, पुढे पाठीला बाक येतो. हे काम एका परजीवीचं; तो १९४१ पासून माहीत आहे आणि त्यावर औषध नाही. बाहेरून तसाच दिसणारा जीवाणूचा आजारही असतो आणि तो कधी कधी बरा होतो, म्हणून माशाला वेगळ्या टाकीत हलवून बघायचं. हलवायचं आजच, कारण तो रात्री मेला तर सकाळपर्यंत बाकीच्यांनी त्याला कुरतडलेलं असतं, आणि रोग पोटातून पोटात जातो. जाळी टाकीशेजारीच ठेवलेली बरी. शोधायला वेळ जातो.