लायटाच्या खांबाखालचं सोयाबीन

आमचं वावर रस्त्याला लागून आहे आणि मागच्या साली नेमका धुऱ्याजवळच्या खांबावर पांढरा एलईडी लागला. पोळ्यापर्यंत बाकी वावर शेंगांनी लदबदलं, पण खांबाखालची पाच-सहा तासं (ओळी) नुसती हिरवीगार, फूल नाही का शेंग नाही. बाबा म्हणे, बियाणं बोगस. म्हटलं बाबा, सगळं एकाच बॅगेतलं आहे ना! मग कोणीतरी टॉनिक सांगितलं, मारलं, पाला अजूनच माजला 😀

तर गोष्ट अशी आहे की सोयाबीनले फुलायसाठी लांब रात्र लागते, आणि रात्र किती लांब हे ते पानातल्या प्रोटीनवरून मोजते. त्यातलं मुख्य फायटोक्रोम. याच्या पोटात एक रंगद्रव्य चिकटलेलं असते, त्यावर लाल उजेड (660 नॅनोमीटरच्या आसपास) पडला की त्याचा एक दुहेरी बंध गर्रकन फिरतो, त्यासोबत अख्ख्या प्रोटीनचा आकार बदलतो आणि ते पेशीच्या केंद्रकात जाऊन "दिवस आहे" म्हणून सांगते. 730 च्या अतिलाल उजेडात परत पहिल्यासारखं, अंधारातही हळूहळू तसंच. म्हणजे दरवाजाची कडीच म्हणा ना. निळ्या उजेडासाठी क्रिप्टोक्रोम नावाचं वेगळं प्रोटीन, त्याच्यात फ्लेविन नावाचं रंगद्रव्य बसलेलं असते, आणि गंमत म्हणजे तसंच क्रिप्टोक्रोम आपल्या शरीरातही आहे पण आपल्यात ते उजेड पाहत नाही, नुसतं घड्याळ चालवते, घड्याळासाठी उजेड पाहायचं काम मुख्यतः डोळ्यातल्या मेलानोप्सिन नावाच्या प्रोटीनकडे.

आता सोयाबीनमध्ये ई3 आणि ई4 नावाचे जीन फायटोक्रोमच बनवतात. उजेड लांबला की ते ई1 नावाच्या दुसऱ्या जीनले चालू ठेवतात, आणि ई1 फुलोऱ्याचा निरोप दाबून धरते. झाडाच्या आतलं घड्याळ म्हणते संध्याकाळ झाली, खांबावरचा दिवा म्हणते अजून दिवसच आहे, मग कशाचा फुलोरा.

बाबानं हे सगळं ऐकलं आन् विचारलं, "मंग त्या झाडाले डोये कुठी हायेत?" म्हटलं, पानातच. तर म्हणे, "मंग औंदा दोन तासावर सांजच्याले ताडपत्री टाकून पायतो, सकायी काढून घेतो."

1920 साली छापलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी सोयाबीनच्या कुंड्या दिवस मावळायच्या आधी अंधाऱ्या खोलीत ठेवून हेच पाहिलं होतं. बाबाले अजून सांगितलं नाही.