तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर नाही, तरी सार्वजनिक आरोग्यात?

"मॅडम, मी कॉलेजात आहे. पब्लिक हेल्थमध्ये काम करायचंय, पण डॉक्टर व्हायचं नाहीये. कुठला कोर्स करू?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो, की एव्हाना उत्तर पाठ व्हायला हवं होतं. ते होत नाही, कारण कोर्सपासून सुरुवात करणं मला पटत नाही. या क्षेत्रातलं कुठलं कंटाळवाणं काम तुम्ही न कंटाळता करू शकता, हे आधी बघा. कंटाळवाणं काम भरपूर आहे, निवडीला वाव आहे.

डॉक्टर असण्याचा मुद्दा आधी निकालात काढते. 1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला आणि जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट या विषयाच्या पहिल्याच तासाला सांगतात. स्नो डॉक्टर होते. पण त्याच गोष्टीत हेन्री व्हाइटहेड नावाचे एक तरुण पाद्री आहेत, आणि मला ते जास्त आवडतात. कॉलरा त्या पंपाच्या पाण्यातून पसरतो, हे स्नो यांचं म्हणणं चूक आहे, असं व्हाइटहेडना वाटत होतं. ते खोडून काढायला ते घरोघरी फिरले, गरज पडली तिथे त्याच घरी पुन्हापुन्हा गेले, कोण कुठलं पाणी प्यायलं हे विचारत राहिले. शेवटी त्यांना पंपासमोरच्याच घरातलं एक आजारी तान्हं बाळ सापडलं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या शोषखड्ड्यात ओतलं जायचं, तो खड्डा पंपाच्या विहिरीला लागून होता आणि गळत होता. आपलं मत चुकलं हे व्हाइटहेडनी मान्य केलं. त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. माणसं त्यांना घरात घेत होती, एवढंच.

आता माझं. माझ्या पहिल्या नोकरीत मला अतिसाराच्या सर्वेक्षणाचे कागदी फॉर्म संगणकावर चढवायचं काम होतं. सगळं चढवून झाल्यावर मी हौसेनं आलेख काढला, तर सहा ते अकरा वर्षांच्या मुलांत अतिसाराचा हा एवढा उंचवटा! तान्ह्या बाळांत मात्र जवळजवळ काहीच नाही. मी लगेच कारणही शोधलं: शाळेतलं पिण्याचं पाणी. दोन पानं लिहून काढली. आमच्या वरिष्ठ बाईंनी ती वाचली, काही बोलल्या नाहीत, फक्त मूळ फॉर्मांचा गठ्ठा मागवला. वयाच्या रकान्यात कित्येक आकड्यांशेजारी बारीक 'म' होता. म म्हणजे महिने. आकडे चढवताना तो मी गाळला होता. आठ महिन्यांची बाळं माझ्या तक्त्यात आठ वर्षांची होऊन शाळेत जायला लागली होती.

मग सगळे फॉर्म पुन्हा एकेक करून तपासले. दोन आठवडे लागले. लाज तर वाटलीच, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं, की मला हे चक्क आवडतंय. एपिडेमिऑलॉजीकडे, म्हणजे रोग कुणाला, कुठे आणि का होतात याच्या अभ्यासाकडे, मी वळले ती त्या गठ्ठ्यामुळे.

माझ्याबरोबर लागलेली मैत्रीण त्याच कामाला विटली. आकड्यांचे रकाने बघून तिचं डोकं दुखायचं. पण घरभेटीला गेली, की तिला जे दिसायचं ते आम्हाला कुणालाच दिसत नसे. साबणाने हात धुता का, या प्रश्नाला जवळपास प्रत्येक घरी "हो" मिळायचं आणि आम्ही "हो"वर खूण करून पुढे जायचो. ती हात धुवायला जागा मागायची. साबण ठेवलेला असायचा, पण कोरडा ठाक, भेगा पडलेला. ती काही बोलायची नाही, नुसती नोंद करायची. पुढे ती आरोग्य संवादाच्या कामात गेली. दोघी एकाच क्षेत्रात, पण तिचं काम मला दिलं असतं तर मी महिनाभरात पळून गेले असते.

या क्षेत्रात अशी बरीच दारं आहेत. देवीचा रोग संपल्याची घोषणा 1980 साली झाली. त्यामागे लशीच्या बाटल्या वेळेवर पोचवणारे होते, नकाशे काढणारे होते, दारोदार फिरणारे होते. निसर्गतः देवी झालेला शेवटचा रुग्ण सोमालियातल्या मर्का गावचा अली माओ मालिन, साल 1977. तो इस्पितळात स्वयंपाकी होता. टोचून घ्यायची भीती वाटली म्हणून त्याने लस टाळली होती. पुढे तोच माणूस पोलिओच्या लसीकरणात काम करायला लागला, आणि आढेवेढे घेणाऱ्या आईबापांना स्वतःचीच गोष्ट सांगायचा. लशीच्या भीतीबद्दल त्याच्याइतक्या हक्काने कोण बोलणार?

पदवीचं म्हणाल, तर ती कशाचीही चालते. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संगणक, काहीही. फक्त संख्याशास्त्राचा एखादा पेपर घ्या, जमत नसेल तरी घ्या. आर नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात थोडी खुडबुड करा. आणि एक पान सरळ लिहायला शिका. चांगली आकडेमोड वाईट लिहिलेल्या अहवालात मेलेली मी पुष्कळ पाहिली आहे.

एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायचीच असेल, तर आधी वर्ष-दोन वर्षं काम करा, असं मी सांगते. पालकांना हे आवडत नाही. पण अनुभव नसताना साथरोग, संख्याशास्त्र, पर्यावरण, धोरण, वर्तन हे सगळे विषय सारखेच चांगले वाटतात आणि मग मित्र जे घेतो ते घेतलं जातं. आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते: इथल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पावरच्या असतात. निधी संपला, की नोकरी संपते. घरची जबाबदारी असेल तर याचा हिशेब आधीच करा. त्यात कमीपणा काही नाही.

हल्ली मी उत्तराआधी एक काम देते. आरोग्याची कुठलीही बातमी घ्या आणि तिच्यातल्या आकड्याचा छेद शोधा. इतके रुग्ण आढळले, ठीक, पण कितींपैकी? बहुतेकजण परत लिहीत नाहीत. मध्यंतरी एका मुलाने लिहिलं: रुग्ण दुप्पट झाल्याची बातमी होती, पण त्याच काळात तपासण्याही दुप्पट झाल्या होत्या. मग तपासायला येतं कोण आणि येत नाही कोण, यावर त्याने पुढची अडीच पानं भरली होती. कोर्सचं विचारायचं तो विसरूनच गेला होता.