आमची वाटचाल : धार थंडीतच लावायची

नाशकात 'गोल्फ क्लब' म्हटलं की लोकांना जॉगिंग ट्रॅक आणि सभांचं मैदान आठवतं. आमचा धंदा नेमका कसला, हे नातेवाइकांना आजही नीट कळलेलं नाही. ज्यांच्या हाताखाली ग्रीन्स (गोल्फच्या भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ) आहेत त्यांना मात्र ठाऊक आहे. रील मोअरची (फिरत्या पात्यांच्या गवत कापायच्या यंत्राची) धार, स्प्रिंकलरची दुरुस्ती आणि गोल्फच्या मैदानाची वर्षाची आखणी, एवढंच आम्ही करतो आणि तेवढं चोख करतो.

हा धंदा उभा राहिला तो अण्णांमुळे. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. बेडनाइफवरून (रीलखालच्या स्थिर पात्यावरून) अंगठा फिरवून 'दोन थाऊ जास्त आहे', म्हणजे इंचाचे दोन हजारांश, म्हणायचे आणि मायक्रोमीटर लावला की तेवढंच निघायचं. आमच्याकडे पहिलं मशिन आलं ते अकरा पात्यांचं जुनं ग्रीन्स मोअर, गंजून बसलेलं. बाहेरच्या कारागिरांनी हँड ग्राइंडर मारून पाती निळी पाडली होती. अण्णांनी ती सगळी लेथवर एका व्यासात आणली. मग जुन्या मोटरला गिअरबॉक्स जोडून रील उलटी फिरवायची सोय केली. रील उलटी फिरत असताना ब्रशने लॅपिंग कंपाउंड (पातं घासणारा खरखरीत लेप) लावायचं, खरखर थांबून आवाज मऊ झाला की धुऊन काढायचं आणि 'गावकरी' वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालून बघायचं. पट्टी पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कात्रीने कापल्यासारखी सुटली पाहिजे. एका जागी जरी कागद दुमडला तरी अण्णा मशिन खाली उतरवू देत नसत. 1830 साली एडविन बडिंगने पहिलं गवत कापायचं यंत्र बनवलं, ते लोकरी कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून. हे ऐकल्यावर अण्णा म्हणाले, 'मग बरोबर आहे, हे कापडाचंच काम आहे.'

पुढची काही वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

मग बाहेरगावची एक मोठी कंपनी आली. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे त्यांनी एएमसीचा (वर्षाच्या देखभाल कराराचा) जो दर दिला, त्यात आमचा डिझेलचा खर्चही निघाला नसता. दर कमी होण्याचं कारण सरळ होतं. डिसेंबर-जानेवारीतलं सगळं काम त्यांनी कागदावरूनच काढून टाकलं होतं. थंडीत ग्रीन्सवरचं बर्म्युडा गवत वाढत नाही, मग माणसं कशाला पोसायची, हा त्यांचा हिशेब. वर त्यांनी 'बारा महिने हिरवंगार' म्हणून ग्रीन्सवर राय गवताचं बी टाकायचं वचन दिलं. मी मीटिंगमध्ये सांगितलं की आपल्याकडे होळीच्या सुमारास ऊन तापलं की राय मरतं आणि तोवर त्याने खालच्या बर्म्युडाचं ऊन, पाणी, खत खाल्लेलं असतं. मला 'जुन्या वळणाचे' म्हणण्यात आलं. जानेवारीत तिथले हिरवे फोटो सगळीकडे फिरले. मार्चमध्ये ग्रीन्सवर तपकिरी चट्टे उठले, तेव्हाचे फोटो कुणी फिरवले नाहीत. मालकांनी दोष हवामानाला दिला आणि करार पुन्हा त्यांनाच दिला. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

त्यातच 2020 चा मार्च आला. थंडीत धार लावून दिलेल्या मशिनांची बिलं अडकली, खेळ बंद, माळी गावी गेलेले, आणि गवत मात्र नेमकं त्याच दिवसांत जोरात उठतं. ग्राइंडरचा हप्ता थांबत नव्हता. टेम्पो विकला. गाळा सोडायचं जवळजवळ ठरलं होतं.

तेव्हा कर्नलसाहेबांचा फोन आला. नऊ होल्सचा छोटा कोर्स सांभाळणारे निवृत्त अधिकारी, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी पुढच्या थंडीच्या कामाचे पैसे आगाऊ पाठवले. म्हणाले, 'डिसेंबरची यादी तयार ठेवा, आम्ही मशिनं पाठवणार आहोत.' दर कमी करा असं ते एकदाही म्हणालेले नाहीत, आणि बेडनाइफ दोन्ही बाजूंना सारखी झिजली आहे का, हे विचारायचंही एकदाही सोडलेलं नाही. त्यांच्या वहीत प्रत्येक स्प्रिंकलरला नंबर आहे, कुठला नोझल कधी बदलला याची नोंद आहे. असा माणूस असला की कारागिराचा हात सुधारतो.

नव्याने मैदान सांभाळायला घेतलेल्यांना काही गोष्टी सांगतो, विचारल्या नसल्या तरी. पारा दहाच्या खाली आला की कापायची उंची थोडी वाढवा. साडेतीन मिलिमीटरचा हट्ट थंडीत धरू नका, पान कमी झालं की मूळ उपाशी राहतं. सकाळी लांब वेळूने दव झाडा, नाहीतर बुरशीचे रुपयाएवढे डाग पडतील. पाणी संध्याकाळी अजिबात नको. एरेटर (जमिनीत भोकं पाडायचं यंत्र) थंडीत बाहेर काढू नका, गवत झोपलेलं असताना पाडलेली भोकं भरून येत नाहीत. पण त्याचे टाइन (भोकं पाडणारे दाते) मात्र आत्ताच मोजा, बोथट असतील तर आत्ताच मागवा. टॉप ड्रेसिंगची (गवतावर पसरायची) वाळू ग्रीन बांधताना वापरली त्याच जाडीची घ्या, स्वस्त मिळाली म्हणून बारीक आणलीत तर मधे थर बसतो आणि पावसाळ्यात पाणी वर उभं राहतं. काळ्या मातीवरच्या फेअरवेचे (ग्रीनपर्यंतच्या लांब गवताळ पट्ट्याचे) चर शिवरात्रीच्या आत साफ करून घ्या. आणि माळ्यांचा पगार थंडीत कापू नका. द्राक्षबागांत मजुरी मिळते, गेलेला माणूस मार्चमध्ये परत येत नाही.

अण्णा आता गाळ्यावर रोज येत नाहीत. त्यांचा नातू ग्राइंडरवर बसतो, कागदाची पट्टी तोही घालून बघतो.

यंदा रील पाठवायच्या असतील तर दत्तजयंतीच्या आधी पाठवा. बेअरिंग आणि सील बाहेरून मागवावे लागले तर वेळ जातो. बेडनाइफ सोबतच पाठवा, नुसत्या रीलला धार लावून आम्ही देत नाही. पेट्रोल काढून टाका, बॅटरीची वायर सोडवा आणि मशिन कुठल्या ग्रीनवर चालतं त्याची चिठ्ठी हँडलला बांधा.