राघोजींच्या चौकात दिंडीचा विसावा

आळंदीच्या कार्तिकी यात्रेला आमची दिंडी ठाण्याहून पायी निघते. पहाटे कोपीनेश्वराला दंडवत, तलावपाळीला पखवाजाची थाप आणि गर्दी व्हायच्या आत कळवा पूल पार, हा रिवाज. उशीर झाला की पुलावर गाड्या तुंबतात आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकांचे हाल होतात. त्यामुळे पुलाच्या अलीकडे तुरुंगाची उंच दगडी भिंत लागते, तिथं कुणी रेंगाळत नाही.

ती भिंत ठाण्याच्या किल्ल्याची. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये तो बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी इथंच फाशी दिलं. हे निदान शाळेत कानावर पडलेलं असतं. पण इथल्या चौकाला ज्यांचं नाव आहे ते राघोजी भांगरे दिंडीतल्या कितीतरी जणांना ठाऊक नव्हते. वारकऱ्यांना तर ते आधी ठाऊक हवेत.

राघोजी अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी. सावकारांनी कर्जापोटी आदिवासींच्या जमिनी गिळल्या आणि इंग्रजांचा कायदा सावकारांच्या पाठीशी उभा राहिला, तेव्हा या माणसानं सह्याद्रीत बंड पुकारलं. फौजा मागावर होत्या. अखेर गोसाव्याच्या वेशात ते पंढरपूरला गेले. तिथं 2 जानेवारी 1848 रोजी लेफ्टनंट गेलनं त्यांना पकडलं. पंढरीहून ठाण्यात आणलं आणि 2 मे 1848 ला याच तुरुंगात फाशी दिलं. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. ती तारीख ठाणेकरांना तोंडपाठ असते. विठोबाच्या गावात धरलेल्या माणसाची तारीख मात्र कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

यंदा मी विणेकरी बुवांना म्हटलं, "बुवा, इथं पाच मिनिटं थांबूया."

"माऊली, पुढं पूल आहे."

"असू द्या. पंढरीत धरलेला माणूस आहे, एक अभंग तरी म्हणू."

बुवा थांबले. चोपदारानं हात वर केला, टाळ शांत झाले. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. मागून राजूरकडच्या एक मावशी पुढे आल्या, ठाण्यात घरकाम करतात. "आमच्या देवगावचे राघोजी? हितं?" एवढंच बोलल्या. फलकाच्या खालच्या कडेला पानाची पिंक वाळून चिकटली होती. मावशींनी तुळस दुसरीच्या हातात दिली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि नखानं खरवडून, पदरानं पुसून ती कड स्वच्छ केली. मग बुवांनी अभंग धरला. रस्त्यावरचे रिक्षावालेही इंजिन बंद करून उभे राहिले.

पुढचा ठाणे-बेलापूर रस्ता नुसता चालायचा. विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, कडेला कारखाने आणि अंगावर ट्रकची धूळ. बेलापूरचा किल्ला मराठ्यांनी 1733 मध्ये चिमाजी अप्पांच्या काळात घेतला. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाचा हार वाहीन, असा अप्पांचा नवस होता असं सांगतात. आता तिथं पडक्या भिंती आणि बुरूज उरलेत.

रात्री एका गावठाणातल्या विठ्ठल मंदिरात मुक्काम होता. भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटाऐवजी शेंगदाण्याची चटणी, कारण माळकरी पाहुणे. जेवणं आटोपल्यावर यजमानांपैकी एक आगरी आजोबा बोलायला लागले. 1970 मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे सगळा मुलूख उभा राहिला. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात, जासईच्या बाजूला, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, कमलाकर तांडेल, महादेव पाटील, केशव पाटील. आजोबांनी पाचही नावं न अडखळता घेतली. "घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले ते ह्यांच्या रक्तानं. आज त्यावर इमारती हायेत, नि पोरांना नावं म्हायती नाय."

बुवांनी तिथंच दिंडीची पत्रिका मागवून घेतली. तिच्यात न्याहारी, दुपारचं जेवण, मुक्काम आणि अन्नदात्यांची नावं छापलेली असतात. पुढच्या वर्षी तिच्यात 'राघोजी भांगरे चौक, विसावा व अभंग' अशी ओळ यायची आणि या मुक्कामी कीर्तनाआधी त्या पाच जणांची नावं घ्यायची, असं सगळ्यांसमोर ठरलं. जासई आमच्या वाटेवर नाही. तिथल्या हुतात्मा स्मारकाला आम्ही काही जण 16 जानेवारीला वेगळे जाणार आहोत, आजोबांना बरोबर घेऊन.