चोवीस नळ्यांचं ऊन

मे महिना, दुपारचे दोन, पलासियाचा सिग्नल. स्कूटरवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळं ओढणीत गुंडाळून उभ्या. हातांत कोपराच्याही वरपर्यंत मोजे. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली, त्यामुळे जूनच्या आणि जुलैच्या सुरुवातीला सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो आणि ढग नसले तर खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गडप होते. अशा गावात उन्हाशी वैर असणारच. यांच्याच मँचेस्टरला नाहीतर टोरांटोला गेलेल्या चुलतबहिणी मात्र डिसेंबरात काळवंडायला पैसे मोजतात, आणि त्यातली एखादी घरी टॅनिंग बेडच, म्हणजे नळ्यांच्या उजेडात झोपून कातडी काळवंडायचा पलंगच, आणावा म्हणून जुन्या बेडचे फोटो चाळत बसते.

कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याचा प्लग बघायचा, ही आमची खोड. नळ्या मोजा: २४ असतील आणि प्रत्येक १०० वॅटची असेल तर झाले २४०० वॅट, चोक खातो ते वेगळं. म्हणजे २३० व्होल्टवर अकरा-बारा अँपिअर. याला १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि खरोखरचं अर्थिंग लागतं. एक्स्टेन्शन बोर्डाचं नावही काढू नये. अमेरिकेहून कुणी सामानात घालून आणतो म्हणालं तर हात जोडावेत. तिथला चोक ६० हर्ट्झचा. आपल्या ५० हर्ट्झवर तो जास्त करंट ओढतो, तापतो, आधी गुणगुणतो, मग वास सोडतो. इंदूरच्या महाराणी रोडवर साध्या ट्यूबचे चोक पोत्याने मिळतील, पण ते ४० वॅटचे. इथे बसत नाहीत.

शिवाय ही सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन उरते. पंखे ती बाहेर फेकतात, पण खोलीच चाळीस अंशांवर असेल तर पंखा तरी काय करणार? आतला थर्मल स्विच, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा, पडतो आणि लोकांना वाटतं बेड बिघडला. इंदुरात उन्हाळ्यात हे चालवायचं म्हणजे खोट्या उन्हासाठी एसी आणि खऱ्यासाठी पडदे.

असो. खरी गंमत नळ्यांत आहे. दिसायला ट्यूबलाइटच, आतला लेप तेवढा वेगळा. तो बहुतेक अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे अतिनील किरणांतला, ए प्रकार सोडतो, बी थोडंसंच, बऱ्याच नळ्यांत पाच टक्क्यांच्या आसपास. दिसतो तो निळसर उजेड आणि कातडीवर काम करतो तो न दिसणारा. नळीचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० तास. तेवढ्यात अदृश्य भाग बराच उतरतो, निळा उजेड मात्र पहिल्या दिवशीसारखाच राहतो. मग माणसं मिनिटं वाढवत जातात: आठाची दहा, दहाची पंधरा. एक दिवस नव्या नळ्या बसतात, सवय पंधराचीच असते, आणि पाठ भाजून निघते. भाजल्याचं लगेच कळतही नाही, लाली सहा ते चोवीस तासांनी चढते. म्हणून नळ्या बदलल्या की पुन्हा तीन-चार मिनिटांवर यायचं आणि दोन वेळांत निदान ४८ तास सोडायचे. बदलायच्या तर सगळ्या एकदम, नाहीतर अंगावर पट्टे उमटतात.

जुना बेड घेताना विकणारा म्हणतो, "फार वापरलाच नाही." तासांचा मीटर बघावा, आणि तो शून्यावर आणता येतो हेही लक्षात ठेवावं. झोपायचा पत्रा अॅक्रिलिकचा, पण साधा नव्हे, अल्ट्राव्हायोलेट आरपार सोडणारा. तो वर्षांनी पिवळा पडतो आणि शिव्या नळ्यांना बसतात. स्पिरिटने किंवा काच पुसायच्या फवाऱ्याने पुसला तर त्यात केसासारख्या चिरा पडतात. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. तोंडासाठी वेगळा हाय-प्रेशर दिवा असेल तर त्याच्या पुढची फिल्टर काच तपासावी. ती तडकलेली असेल तर बेड लावायचाच नाही. टायमर आपोआप बंद होतो ना, झोपल्या झोपल्या हात पोचेल असं बंद करायचं बटण आहे ना, एवढं तरी स्वतः करून बघावं. आणि चष्मा हवाच, त्याच कामासाठी बनवलेला. पापण्या मिटून भागत नाही.

आपल्याकडे थंडीत बाळाला तेल चोळून उन्हात निजवतात. वारा लागू नये म्हणून कुणी काचेची खिडकी लावून घेतं आणि तिथेच घोळ होतो. ड जीवनसत्त्व बनवतं ते अल्ट्राव्हायोलेट बी, आणि ते काचेत अडकतं. बेडमध्ये मुळातच ते थोडं, तेव्हा हाडांसाठी म्हणून बेड घेणाऱ्याने गोळ्यांचा भाव आधी विचारावा. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसवायची जुनी रीत आहे. बावचीतलं सोरॅलेन कातडीला उन्हाविषयी हळवं करतं आणि मिनिटं चुकली की फोड येतात. तसंच काहीसं डॉक्सीसायक्लिन घेणाऱ्याचं होऊ शकतं. गोळी मुरमांसाठी असो की तापासाठी, बेडला ते ठाऊक नसतं. सोरायसिससाठी त्वचारोगतज्ज्ञ वापरतात त्या नळ्या बहुधा ३११ नॅनोमीटरच्या, वेगळ्याच. हा बेड त्यांची जागा घेत नाही.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने हे बेड माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या, म्हणजे तंबाखूच्याच, गटात टाकले. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी ते वापरायला बंदी घातली. अमेरिकेत २०१४ पासून बेडवर इशारा लिहावा लागतो की अठराच्या आतल्यांनी झोपू नये. एवढं वाचूनही चुलतबहिणीला बेड हवाच असेल तर ती काही इंदूरचं ऐकणार नाही.

इथे कुणी हौसेने आणलाच, तर कधी ना कधी पाऱ्याच्या चोवीस जुन्या नळ्या निघतील, प्रत्येक जवळजवळ सहा फुटी. इंदुरात अशा घातक कचऱ्याला वेगळा डबा आहे आणि गाडी रोज दारात येते. फक्त गाडीवाल्या भियाला आदल्या दिवशी सांगून ठेवावं. त्या डब्यात नळी उभी मावत नाही, आणि मावावी म्हणून तोडायची नसते.